पॅनिक डिसऑर्डर आणि जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी : एक परीक्षण

छातीत अचानक धडधड, श्वास कोंडणे आणि आता आपण काही वाचत नाही ही भीती असा त्रास पुन्हा पुन्हा होणाऱ्या खेड्यातल्या माणसाला सरकारी व्यवस्थेत कोणते उपचार मिळतात आणि ते मिळवताना काय सोसावे लागते, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. आमचे गाव वर्धा नदीच्या काठावर आहे. माझा धाकटा भाऊ पॅनिक डिसऑर्डरसाठी आमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत उपचार घेत असून, त्याच्याविषयीचा सर्व मजकूर त्याला वाचून दाखवून मगच इथे दिला आहे. जिल्ह्याचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण अशा विभागात काम करणारी माणसे मोजकीच असतात आणि त्यांच्यापैकी कोणावर रोख ठेवण्याचा माझा हेतू नाही. माझे मत असे, की त्या खोलीच्या आत होणारे काम उत्तम आहे, औषधांचा पुरवठा भरवशाचा नाही आणि रुग्णाला त्या खोलीपर्यंत आणून सोडणारी वाट जवळपास नाहीच.

भावाला पहिला झटका आला तो ऐन फवारणीच्या दिवसांत. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारा मारून तो धुऱ्यावर (बांधावर) हातपाय धूत होता, तेवढ्यात त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोटांना मुंग्या आल्या आणि श्वास पुरेना. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून फवारणी करणाऱ्याला असा घाम फुटला, की आमच्याकडे कोणी विचार करीत बसत नाही, आणि ते योग्यच आहे. १०८ ची रुग्णवाहिका बोलावून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरांनी आधी टॉर्चच्या उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, तोंडाला लाळ सुटली आहे का ते पाहिले आणि मग ईसीजी काढला. फवारणीच्या अनेक औषधांच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. त्याच्या तशा नव्हत्या. ईसीजीतही काही निघाले नाही. रात्रभर देखरेखीखाली ठेवून सकाळी घरी सोडले. इथपर्यंत जे झाले ते जसे व्हायला हवे तसेच झाले.

पुढचा झटका आठवडी बाजारात आला, त्यानंतरचा एसटीत, आणि मग फवारणीशी संबंध लावणे कोणालाच शक्य होईना. त्या काळात त्याला एका खासगी दवाखान्यात सलाईन लागली, छातीत गॅस चढला म्हणून गोळ्या झाल्या, शहरात नेऊन टूडी इको ही हृदयाची सोनोग्राफी आणि पट्ट्यावर चालवून करतात ती टीएमटी तपासणी झाली, आणि आईच्या समाधानासाठी अंगारा नि ताईतही झाला. विशेष म्हणजे यातल्या प्रत्येक उपायाने त्याला त्या वेळेपुरते बरे वाटले. याचे कारण आम्हाला पुढे मानसोपचार विभागातच समजले आणि माझ्या मते हा आजार ओळखायला उशीर होण्यामागे याहून मोठे कारण दुसरे नाही. पॅनिकचा झटका काही मिनिटांतच शिगेला पोचतो आणि मग काहीही केले नाही तरी आपसूक ओसरू लागतो. आमच्या गावाहून दवाखान्यात पोचायलाच अर्धा तास जातो. म्हणजे सलाईनची सुई टोचेपर्यंत उतार सुरू झालेला असतो, अंगारा लावेपर्यंतही तो सुरू झालेला असतो, आणि शेवटी ज्याचा हात लागला त्याला श्रेय मिळून जाते. घरच्यांना मग पुढच्या वेळीही तेच दार आठवते.

शहरातल्या तपासण्यांनंतर हृदय ठणठणीत असल्याचा निर्वाळा मिळाला, परंतु मग हे होते कशाने, या प्रश्नाला तिथे कोणी हात घातला नाही. "काहीच नाही तं मले होते काय?" असे तो आम्हाला विचारायचा. दरम्यान त्याने बाजाराला जाणे सोडले, एसटीत बसणे सोडले, वावरात एकट्याने जाणे सोडले. सोयाबीनच्या सोंगणीला मजूर जमवण्यापासून ते माल विकण्यापर्यंतची कामे माझ्या भावजयीच्या अंगावर येऊन पडली. तोंडदेखली चौकशी करणाऱ्यांनी त्याला आळशी ठरवले. झटका जेमतेम काही मिनिटांचा असतो. माणूस मोडतो तो पुढचा झटका कधी येईल या धास्तीने.

वाट सापडली ती टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेमुळे. १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर सुरू असलेली ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क मिळते आणि तिथे मराठीतून बोलता येते. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, त्यामुळे एका कार्यालयीन पत्रातून हा क्रमांक माझ्या नजरेखालून गेला होता. फोन भावाने स्वतः केला. घरात रेंज नसल्यामुळे गोठ्यामागच्या ओट्यावर उभे राहून बोलावे लागले, पण हा दोष त्या सेवेचा नव्हे. समुपदेशक बाईंनी सर्वांत आधी हृदयाच्या तपासण्या झाल्या आहेत का, हे विचारले. मग दारू, झोप, घरात सोबतीला कोण असते, जीव द्यावासा वाटतो का, असे एकेक प्रश्न न बिचकता, पण जपून विचारले. फोनवरून निदान केले नाही, गोळीही सांगितली नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते आणि तिथे तपासून घ्यावे, एवढे स्पष्ट सांगितले. तोवर आम्ही दाखवलेल्या इतक्या दवाखान्यांपैकी एकानेही हे वाक्य उच्चारले नव्हते.

जिल्हा रुग्णालयात केसपेपरला पैसे लागत नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत. वेळ मात्र लागतो. विभाग जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला, डोळ्यांच्या विभागापलीकडे आहे, आणि दिशा दाखवणारी पाटी अर्ध्या वाटेत संपते. पुढे "मेंटलवाले डॉक्टर कुठं बसतात?" असे विचारत जावे लागते, आणि नेमके हेच विचारायला भाऊ तयार नव्हता. बाहेरच्या बाकावर दारू सोडण्यासाठी आणलेली माणसे, फिट येणारी मुले आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आलेली कुटुंबे एकाच रांगेत बसतात. प्रमाणपत्राच्या ठरलेल्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसते. बंद जागेची आणि गर्दीचीच धास्ती घेतलेल्या रुग्णाला अशा बोळात दोन-अडीच तास बसवणे हा उपचाराच्या आड येणारा प्रकार आहे. शिपाईदादांनी त्याची अवस्था पाहून त्याला अंगणातल्या कडुनिंबाखाली बसायला सांगितले आणि नंबर आल्यावर स्वतः बोलावून नेले. ही त्या एका माणसाची भलाई होती. व्यवस्था म्हणून तिथे तशी सोय नाही.

मानसोपचारतज्ज्ञांनी मात्र रांग बाहेर लांबत असतानाही घाई केली नाही. झटका कुठे आला, त्या वेळी काय करीत होता, किती वेळ टिकला, मनात कोणता विचार आला आणि त्यानंतर कोणत्या गोष्टी करणे सोडले, असे त्यांनी क्रमाने विचारले. दिवसाला चहा किती आणि खर्ऱ्याच्या पुड्या किती, हेही विचारले, कारण चहातले कॅफिन आणि खर्ऱ्यातली सुपारी-तंबाखू छातीची धडधड वाढवतात. आधीचे ईसीजी आणि इकोचे कागद नीट पाहिले आणि तेच पुन्हा करायला लावले नाही. फक्त थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासायला सांगितली, कारण या तिन्हींच्या बिघाडात अशीच लक्षणे दिसू शकतात. रक्ताचे अहवाल पाहिल्यावर मग निदान सांगितले. एखादा झटका कोणालाही येऊ शकतो आणि तेवढ्याने तो आजार ठरत नाही. झटके अवचित, पुन्हा पुन्हा येत असतील आणि त्यानंतर महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ पुढच्या झटक्याची धास्ती राहिली किंवा त्यापायी वागणे बदलले, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. "भाऊ, तुमचं हृदय चांगलं आहे, आणि तुम्हाला होणारा त्रासही खरा आहे," असे ते म्हणाले. "मंग मी येडा तं नाही ना झालो?" या भावाच्या प्रश्नावर ते हसले नाहीत, हा भीतीचा आजार आहे, तो बहुतेकांचा आटोक्यात येतो आणि त्यासाठी भरती व्हावे लागत नाही, असे सरळ उत्तर त्यांनी दिले.

तालुक्यातल्या जुन्या डॉक्टरांना हा आजार न ओळखल्याबद्दल बोल लावण्यात फारसा अर्थ नाही. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती १९८० साली. त्याआधी शिकून खेड्यात दवाखाना थाटलेल्या माणसाला तो पुस्तकातून भेटलेलाच नव्हता. आज शिकून येणाऱ्यांना ही सबब देता येणार नाही.

या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग डॉक्टरांच्या शेजारच्या लहान खोलीत आहे. तिथे मानसशास्त्रज्ञ ताई बसतात. खोलीत एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर घड्याळ, एवढेच सामान आहे. दुसऱ्या भेटीत त्यांनी भावाला खुर्चीत बसवून, घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत एक मिनिटभर तोंडाने भराभर श्वास घ्यायला लावला. मिनिट पुरे होण्याआधीच त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. बोटांना मुंग्या आल्या, डोके हलके झाले, छाती आवळली. "असंच होतं का?" असे त्यांनी विचारले. तो "हो, हेच" म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर मी कितीतरी महिन्यांनी भीतीऐवजी नवल पाहिले. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे मुंग्या, चक्कर नि गुदमर होते. ही लक्षणे त्रासदायक असली तरी घातक नाहीत. मात्र ‘अटॅक आला’ असा अर्थ लावला, की भीती वाढते, भीतीने श्वास आणखी वाढतो आणि लक्षणेही वाढतात, असे त्यांनी कागदावर गोल काढून दाखवले. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये पॅनिकची हीच उकल मांडली होती आणि पॅनिकसाठीची आजची विचार-वर्तन उपचारपद्धती (सीबीटी), म्हणजे विचार आणि वागणे बदलून करायचा उपचार, मोठ्या प्रमाणात तिच्यावरच उभी आहे.

त्यानंतर त्यांनी त्याला वही घालायला लावली. तारीख, ठिकाण, शरीरात आधी काय जाणवले, त्या क्षणी काय वाटले आणि प्रत्यक्षात काय घडले, असे रकाने आखून दिले. शेवटच्या रकान्यात ‘काही झाले नाही’ हे स्वतःच्या हाताने वारंवार लिहावे लागणे, हाच त्या वहीचा उपयोग असावा. सोडलेली कामे एकदम नव्हे, तर पायरीपायरीने परत धरायची होती. आधी नुसते बसस्टॉपवर उभे राहायचे, मग एका गावापर्यंत एसटीने जायचे, मग तालुक्यापर्यंत. अट एकच, झटका आला तरी मध्येच उतरायचे नाही, कारण उतरल्यामुळे वाचलो असा समज पक्का होतो. आम्हा घरच्यांनाही त्यांनी समज दिली. झटका आल्यावर कांदा हुंगवणे, चौघांनी मिळून वारा घालणे, आरडाओरड करणे बंद करायचे आणि शेजारी शांतपणे बसायचे. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याचा सल्ला आम्हाला कोणीतरी दिला होता, तोही त्यांनी मोडून काढला, कारण त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर त्याने अपाय होऊ शकतो.

औषधांच्या बाबतीत समजावून सांगण्याचे काम चोख आहे, पुरवठ्याचे नाही. भावाला एस्सिटालोप्राम हे चिंता आणि नैराश्यावरचे औषध सुरू केले, तेही कमी मात्रेपासून, कारण सुरुवातीच्या दिवसांत या गोळीने अस्वस्थता थोडी वाढू शकते. गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही निदान सहा महिने ते वर्षभर ती घ्यावी लागते, हे आधीच बजावले होते. हे बजावणे फार महत्त्वाचे, कारण दुसऱ्या दिवशी गुण न आल्यास डॉक्टर बदलण्याची आमच्याकडे रीतच आहे. आधीच्या एका दवाखान्याने शांत झोप लागावी म्हणून अल्प्राझोलाम दिले होते आणि भाऊ ते खिशात बाळगूनच घराबाहेर पडत असे. या गोळीची सवय लागते, म्हणून ती एकदम न तोडता हळूहळू कमी करीत बंद केली.

पण दोनतीन महिने सुरळीत गेल्यावर औषधखिडकीवर एस्सिटालोप्राम संपल्याचे उत्तर मिळाले आणि चिठ्ठीवर बाहेरून घेण्याचा शेरा पडला. आम्ही जनऔषधी केंद्रातून घेतले, म्हणून ते परवडले. ज्याला तेवढेही जमणार नाही, त्याची गोळी त्या दिवशी बंद पडणार, आणि ही गोळी अचानक बंद केली की चक्कर, चिडचिड आणि अंगातून झिणझिण्या गेल्यासारखे होणे सुरू होते. रुग्णाला वाटते आजार उलटला. २९ मे २०१८ पासून अमलात असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ प्रमाणे अत्यावश्यक यादीतील औषधे मानसिक आजाराच्या रुग्णांना सरकारी आरोग्य संस्थांत, सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व ठिकाणी, सदैव मोफत मिळायला हवीत. आमच्याकडे सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे ग्रामीण रुग्णालय. तिथे तर मागे एकदा विचारले, तेव्हा मानसोपचाराची कुठलीच गोळी नव्हती. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात सुरू आहे आणि त्याखाली तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी पथक यायचे असते. आमच्या तालुक्यात ते येते, नाही असे नाही, पण वाहन नाही किंवा डॉक्टर प्रमाणपत्राच्या कामात आहेत, अशा कारणाने एखादा दिवस चुकला तर तो आधी कळवला जात नाही आणि मजुरी बुडवून आलेला माणूस परत जातो. पुन्हा तो येईलच असे नाही.

आणखी एक गोष्ट या सेवेच्या पलीकडची असली तरी नोंदवायला हवी. शेतकरी आत्महत्यांमुळे आमच्या भागात मनःस्वास्थ्याची विचारपूस इतर ठिकाणांहून अधिक होते. आमच्या घरीही झाली होती. प्रश्न उदासीचे, निराशेचे, कर्जाचे आणि जगावेसे न वाटण्याचे होते. भावाने सगळ्यांना नाही म्हटले आणि ते खरेच होते. त्याला जगायचेच होते, मरणाचीच तर धास्ती होती. अशा रीतीने तो चाळणीतून सुटला. घरोघरच्या विचारपुशीत काही अर्थ नाही असे मात्र मुळीच नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यासाठी काम केले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आशाताईंच्या प्रश्नांत ‘अचानक जीव घाबरा होऊन दवाखान्यात धाव घ्यावी लागते का?’ एवढा एक प्रश्न वाढवला आणि ईसीजी वारंवार चांगला येणाऱ्या माणसाला मानसोपचार ओपीडीची चिठ्ठी देण्याची सक्ती केली, तर पुष्कळांचा फेरा वाचेल.

सेवाग्राम, सावंगी मेघे आणि नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहेत. ज्यांना ती ठिकाणे जवळची आहेत त्यांनी तिकडे जायला हरकत नाही. पण भेटी वारंवार द्याव्या लागत असल्याने, एसटीने एका दिवसात जाऊन परत येता येईल अशी जागा निवडावी, असे माझे मत आहे. भावाचे झटके पूर्ण थांबलेले नाहीत. ते क्वचित येतात आणि तो एसटीतून उतरत नाही. यंदा कापूस घेऊन तो स्वतः बाजार समितीत गेला.

हे वाचून कोणी छातीतले दुखणे अंगावर काढू नये. पहिल्यांदाच छातीत दुखत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, वय झालेले असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आधी १०८ ला फोन करावा आणि ईसीजी काढून घ्यावा. ते पॅनिक आहे की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. मानसोपचार ओपीडीत जाताना आधीचे सर्व ईसीजी, अहवाल आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. दिव्यांग प्रमाणपत्राचा वार आधी विचारून तो टाळावा, आणि डॉक्टरांनी तपासल्यावर मानसशास्त्रज्ञांकडे पाठवावे असे आपणहून सांगावे, कारण गर्दीच्या दिवशी रांग गोळ्यांच्या चिठ्ठीपाशीच संपते आणि शेजारची खोली रिकामी राहते.